इंजिनचा आवाज कुठून येतो ते सोडा, कधी येतो ते बघा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या मोटरसायकली खडखड करत गावभर फिरतात, डोकं उठतं, त्या सगळ्या भंगारात घाला. पत्र वाचून आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली कारण गल्लीत निम्म्या गाड्या तसल्याच आहेत, माझी स्वतःची २००३ ची स्प्लेंडर आहे, के.ए. २२, आणि ती आवाज करते हे मी कशाला नाकारू, करते की. खरं त्या वाचकांना त्रास होतो तो बहुतेक बेळगावच्या कॅम्पातून नि कॉलेज रोडनं सायलेन्सर कापून फटाके वाजवत जाणाऱ्या पोरांचा असणार, आणि त्या गाड्या जुन्या नसतात ओ, शोरूममधून बाहेर पडून वर्ष झालेलं नसतं. त्याला कायदा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९०, दहा हजारापर्यंत दंड आहे, तो लावा, आमची काही हरकत नाही. जुन्या गाडीचा आवाज हा वेगळा विषय आहे आणि त्यावर कोणी नीट लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडं काय होतं बघा, गाडी जरा टकटक करायला लागली की माणूस गॅरेजला जातो, "आवाज यायलाय हो" एवढंच सांगतो, समोरचा एकदा एक्सलेटर पिळतो आणि म्हणतो हाफ इंजिन (इंजिनचा वरचा, हेड-पिस्टनचा भाग) काढावं लागतंय. संपलं. दोन दिवसांनी बिल हातात, आवाज तसाच, किंवा त्याच्या जागी दुसरा. सगळे मिस्त्री असे नाहीत. उद्यमबागेच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांचं एकच वाक्य असायचं, "आवाज कुठनं येऊलालाय ते नका सांगू, कवा येऊलालाय ते सांगा." त्यात सगळं आलं. इंजिनमध्ये लोखंडातून आणि ॲल्युमिनियममधून आवाज फिरतो, हेडमधला खाली ऐकू येतो, क्लचचा मधे ऐकू येतो, त्यामुळं "उजव्या बाजूनं येतोय" याला काही अर्थ नसतो. गार असताना येतो का गरम झाल्यावर, स्लोला येतो का रेस दिल्यावर, चढाला येतो का एक्सलेटर सोडल्यावर, क्लच दाबला की जातो का, ही उत्तरं घेऊन गेलात तर निम्मं काम गॅरेजच्या बाहेरच झालं.

आणि त्याच्याही आधी हे बघा की आवाज इंजिनचा आहे का. ही पायरी लोक सोडूनच देतात. लेगगार्डचा बोल्ट, नंबरप्लेट, टूलबॉक्सचं झाकण, टाकीखालचे रबर झिजलेले, सायलेन्सरच्या आतली जाळी सुटलेली, इंजिन फाउंडेशनचा एक बोल्ट ढिला, यातलं काहीही ठराविक रेसला थरथरायला लागतं आणि अगदी इंजिनात काहीतरी तुटल्यासारखं वाजतं. खानापूर-जांबोटीकडनं सकाळी दुधाच्या कॅन लावून येणाऱ्या गाड्यांना तर विचारूच नका, तिथं इंजिनचा आवाज ऐकू आला तर नशीब. आमच्या भावोजींच्या स्प्लेंडरला एका गॅरेजनं फुल इंजिन सांगितलं होतं, कनेक्टिंग (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) गेलंय म्हणून. प्रत्यक्षात चेन ढिली होऊन आतून चेनकव्हरला घासत होती. जुन्या स्प्लेंडरला पूर्ण बंद चेनकव्हर असतं, चेन दिसत नाही त्यामुळं कोणी बघत नाही, खालचं रबरी झाकण काढून बोटानं चेन हलवून बघायची, दोन-तीन सेंटीमीटर हलली तर ठीक, त्यापेक्षा जास्त लोंबत असेल तर ती कव्हर बडवणारच. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे मोकळ्या रस्त्यावर, मागंपुढं कोणी नसताना, थोड्या उतारावर गाडी न्यूट्रल करायची आणि चालत्या गाडीवर चावी फक्त बंद करायची, लॉकच्या बाजूला अजिबात फिरवायची नाही. इंजिन बंद पडलं तरी आवाज चालूच असेल तर तो चाकाचा, चेनचा, बेरिंगचा किंवा ब्रेक शूचा. इंजिनला हात लावायचं कारण नाही.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीचा स्क्रू. सगळ्यात जास्त आवाज याचाच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याचाच. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरला की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा दांडा) एकदा फिरतो, म्हणून टॅपेटचा टकटक आवाज इंजिनच्या निम्म्या वेगानं येतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला स्लो इतका कमी असतो की तो बोटावर मोजता येतो, स्प्लेंडरला मोजता येत नाही पण जरा सवय झाली की कानाला कळतं, हा हलका, कोरडा, जलद आवाज आहे, वरून येतोय आणि रेसबरोबर सरळ वाढतोय. मिलीमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी फट असते ती, फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून सेट करायची, तीही इंजिन पूर्ण गार असताना, मॅग्नेटवरची टी ची खूण जुळवून, कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोन्ही रॉकर मोकळे हलले पाहिजेत. आमच्याकडं काय करतात, गाडी दहा किलोमीटर चालवत आणलेली असते, तापलेली असते, त्याच तापलेल्या इंजिनवर अंदाजानं स्क्रू पिळतात आणि म्हणतात बघा कसा आवाज गप्प केला. अहो गप्प केला म्हणजे व्हॉल्व्ह आवळला! आवळलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते, तो टेकला नाही की जळतो, मग गरम गाडी किकला येत नाही, पिकअप जातो, आणि खरोखरच हेड काम निघतं. थोडा वाजणारा टॅपेट मला चालतो, एकदम मुका टॅपेट चालत नाही. त्यात आणखी एक, वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसतो तेव्हा फट आपोआप कमी होते, म्हणजे जुनी गाडी काही न करता शांत व्हायला लागली तर खूश होऊ नका, टॅपेट चेक करा. उलट सेटिंग बरोबर करूनसुद्धा आठवड्याभरात टकटक परत आली तर रॉकरचं तोंड किंवा कॅमचा उंचवटा झिजलाय, आणि ते झिजतं ते बहुतेक वेळा तेल कमी पडल्यामुळं.

टॅपेटसारखाच वाजणारा आणि टॅपेट नसलेला एक आवाज आहे, त्यानं भलेभले फसतात. हेडला जिथं बेंड पाईप (सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाईप) लागतो तिथलं पॅकिंग. ते फुटलं की प्रत्येक स्फोटाचा गॅस फटीतून बाहेर येतो, फट्‌फट्‌फट्, आणि तोही इंजिनच्या निम्म्या वेगानंच येणार कारण एक्झॉस्टही दोन फेऱ्यांत एकदाच. गार असताना जास्त, गरम होऊन धातू फुगला की कमी. जोडाच्या भोवती काळी काजळी दिसली की समजायचं. पॅकिंग अगदी किरकोळ किमतीचं असतं, त्याच्यापायी लोकांनी टॅपेट आवळून घेतलेले मी बघितलेत.

टायमिंग चेनचा (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या इंजिनातल्या चेनचा) आवाज मात्र वेगळा, खरखर, चर्रर, धातू घासल्यासारखा, स्लोला आणि एक्सलेटर सोडताना जास्त, स्थिर रेस दिली की कमी होतो. सकाळी पहिल्या किकला थोडा वेळ खरखर करून तेल वर चढल्यावर गप्प होत असेल तर घाई नाही, लक्ष ठेवायचं. गरम झाल्यावरही स्लोला चालूच राहिली तर टेन्शनर, रोलर आणि चेन सगळं एकदम बदलायचं, नुसती चेन बदलून जुने रोलर ठेवले की पैसे फुकट. यात टाळाटाळ करू नका, चेन दात सोडून सरकली तर टायमिंग चुकतं आणि तुटली तर गाडी जाईल तिथंच बंद, आणि ते कणकुंबीच्या पुढं पावसात झालं तर देव तुमचं भलं करो.

पिस्टनचा आवाज. गार इंजिनला खोलगट टक टक, रेस दिली की जास्त, आणि दोन-चार किलोमीटर गाडी चालवली की जातो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्यात वरखाली होतो ती स्लीव लोखंडी, गरम झाल्यावर पिस्टन जास्त फुगतो, फट भरून निघते, आवाज जातो. याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहता येतं, मी राहतोय. धूर नाही, तेल खात नाही, पिकअप आहे, मग कशाला बोअर करायचं, म्हणजे स्लीव आतून कोरून मोठी करायची. निळा धूर सुरू झाला, तेल मोजायच्या काडीवर तेल दर आठवड्याला कमी दिसायला लागलं, तेव्हा बोअर करा, पाव मिलीमीटरपासून एक मिलीमीटरपर्यंत ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, आणि आपल्या बेळगावात त्याची काळजी नाही, उद्यमबागेसारखी फाउंड्री आणि मशिनिंगची परंपरा असलेलं गाव आहे हे, बोरिंग-होनिंग करणारी चांगली माणसं आहेत. फक्त पिस्टन आधी घ्या आणि तो मोजून त्याच्या मापानं बोअर करायला सांगा, आधी बोअर मग पिस्टन हा उलटा कारभार आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. तुम्ही बघायला जायच्या आधीच विकणाऱ्यानं गाडी चालू करून गरम करून ठेवली असेल तर फिनला (इंजिनवरच्या पात्यांना) हात लावला की कळतं. तेव्हा चहा प्यायला बसा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग स्वतः किक मारा. गार इंजिन खोटं बोलत नाही. दुसरी चलाखी म्हणजे जाड तेल, २० डब्ल्यू ५० किंवा त्यात आणखी कसलातरी डबा ओतून आवाज दाबतात, विकून मोकळे होतात, पंधरा दिवसांनी तुम्ही मूळ ग्रेडचं तेल घातलं की सगळी वाद्यं सुरू.

क्लचचं सोपं आहे. न्यूट्रलला स्लोवर खडखड, क्लच दाबला की बंद, म्हणजे क्लच हौसिंग किंवा गिअरबॉक्सची बेरिंग. चालवत राहा, तेलावर लक्ष ठेवा, पुढच्या वेळी क्लच प्लेट बदलताना बघून घ्या. कारचं तेल मात्र मोटरसायकलला घालू नका, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि आपली क्लच प्लेट त्याच तेलात भिजलेली असते, ती सरकायला लागते. डब्यावर जासो एमए (तेलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

चढाला येणारा आवाज वेगळा. वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट टॉप गिअरला ओढत चढताना इंजिनातून कडकड, खणखण यायला लागते, गिअर कमी केला की जाते, तर ते नॉकिंग, त्यात तुटलंफुटलं काही नाही. पेट्रोल ठिणगीच्या वेळेआधी किंवा अवेळी भडकतं, हेडमध्ये कार्बन साठलाय, इग्निशन पुढं आहे किंवा इंजिन फार तापलंय. काहीजण म्हणतात इथेनॉलनं हे वाढलं. माझं मत उलटं आहे, इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, नॉकिंग त्यानं कमीच व्हायला पाहिजे. पण जुन्या कार्बुरेटरला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल म्हणजे मिश्रण पातळ, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि जुना कार्बुरेटर आपणहून काही जुळवून घेत नाही. गाडी जरा जास्त तापते, एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमधून पट्‌पट् येते, ते या पातळ मिश्रणाचं किंवा इनटेकच्या चिरलेल्या रबराचं. आपल्या जिल्ह्यात उसाचं रान आणि साखर कारखाने इतके, त्यामुळं इथेनॉलबद्दल वाईट बोलणं अवघड आहे, आणि मी बोलतही नाही, नुसतं एवढंच की इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली तळाला बसतं. खानापूर तालुक्यातला पाऊस आणि टाकीच्या झाकणाचं गेलेलं रबर ही जोडी असली की जुलै-ऑगस्टात गाडी मिसिंग मारते आणि माणूस इंजिन उघडायला निघतो. कार्बुरेटरचा तळाचा स्क्रू काढून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, खाली वेगळा थर दिसला की झालं निदान.

आता जो आवाज सहन करायचा नाही तो. कनेक्टिंग. खालून, क्रँककेसमधून, जड ठक् ठक्, लोड घेताना आणि सोडताना स्पष्ट, गरम झाल्यावर कमी व्हायच्याऐवजी वाढणारा, फुटरेस्टमधून पायाला जाणवणारा. लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन टोक क्रँककेसला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा, फिरणाऱ्या भागांपासून लांब राहून, टोक वेगवेगळ्या जागी टेकवून बघा, हेडपेक्षा खाली जोरात आला तर शंका खरी. मग तेल काढा, चाळणी बघा. कण दिसले तर चुंबक लावा, चिकटले तर लोखंड म्हणजे बेरिंग किंवा गिअर, चिकटले नाहीत तर ॲल्युमिनियम. हे झालं की गाडी टेम्पोत घालून न्यायची, "गावापर्यंत तर जाईल" असं करायचं नाही. रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो, किंवा मागचं चाक चालत्या गाडीला जाम होतं, आणि हायवेला मागं ट्रक असतात. अचानक सुरू झालेला कुठलाही मोठा आवाज याच खात्यात टाका. वर्षभर हळूहळू वाढलेला आणि आज दुपारी अचानक आलेला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बरेच लोक व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून मिस्त्रीला पाठवतात, फोनचा बारका माईक टॅपेट छान पकडतो पण त्यात हा खोल ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळं त्यावर जाऊ नका.

टू स्ट्रोकवाल्यांचं शास्त्र वेगळं, यामाहाच्या आरएक्स १०० ला रॉकरनं उघडणारे व्हॉल्व्हच नाहीत तर टॅपेट कुठला वाजणार, तरीही "टॅपेट सेट करून देतो" म्हणणारे भेटतात त्यांना लांबून नमस्कार करा. फिनमधले छोटे रबराचे तुकडे पडले की फिन खणखणतात, ते परत बसवले तरी निम्मा आवाज जातो. येझदी आपल्याच राज्यातली, म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तरी आमच्या भागात चंदगडपर्यंत अजून काही फिरतात, तिच्या डाव्या बाजूची खडखड पुष्कळदा प्रायमरी चेनची.

आणि तेल, तेल, तेल. निम्मे आवाज तेलाचेच असतात. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा, जागेवरच इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा, काडी पुसून आत टेकवा, स्प्लेंडरला ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून बघितली की तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. दुसरं, या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही, क्रँकवर फिरणारा एक डबीसारखा फिल्टर आहे, घाण त्याच्या भिंतीला चिकटून बसते, आणि तो उघडून साफ करायला उजवं कव्हर काढावं लागतं म्हणून कोणी करत नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या गाडीत तिथं काळा चिखल घट्ट बसलेला असतो. सर्व्हिसिंगचं बिल देताना हे केलं का म्हणून विचारा.

गॅरेजवाल्या बंधूंना राग येईल, खरं माझी मागणी फार नाही. इंजिन उघडायच्या आधी गिऱ्हाईकाला मागं बसवून एक चक्कर मारा, त्याला आवाज दाखवू द्या, मग बोला. आणि बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत द्या, न मागता. पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू करून, आरटीओत गाडी दाखवून आम्ही रीतसर चालवतोय, शेतकरी, दूधवाले, फाउंड्रीत शिफ्टला जाणारे, सगळ्यांना नवीन गाडीचा हप्ता परवडत नाही. भंगारात घाला म्हणणाऱ्या वाचकांनी एक दिवस येऊन आमच्या गल्लीत गाड्या ऐकाव्यात, कुठला आवाज कशाचा ते दाखवतो, चहा माझ्याकडून.

पत्र लांबलंय, तुम्हाला जागा कमी पडणार हे माहीत आहे. कापायचं झालं तर येझदीचं काढा, टोमणेही काढा, फक्त कनेक्टिंगचा आणि तेलाच्या काडीचा भाग तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना स्प्लेंडरवाला,
शहापूर, बेळगाव